बाबागाडीच्या चालीनं डेल्फ्ट

सहल काढायची तर सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या पायानं काढायची. हा माझा नियम, आणि तो मी कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही. ठाण्याच्या एका मराठी शाळेत मी बाई होते, राहायला कल्याणला. नोकरीच्या पहिल्याच वर्षी हेडसरांनी सहलीचं लोढणं माझ्या गळ्यात बांधलं, ते निवृत्त होईपर्यंत काही सुटलं नाही. खोपटच्या डेपोत जाऊन एसटी ठरवायची. 'प्रासंगिक करार' अशी पाटी लावलेली ती लाल गाडी शाळेच्या फाटकात शिरली की पोरं अशी बोंबलायची की ड्रायव्हर कानावर हात ठेवायचा.

त्या पहिल्या सहलीचा वेळ हेडसरांनीच लावलेला. खडवलीला नदीवर नेलेलं पोरांना. एका मुलीचा एक पाय बारीक होता, ती आपली पाय ओढत ओढत यायची आणि मी तिच्यासोबत सगळ्यांच्या मागे. आम्ही दोघी नदीच्या अलीकडे पोचलो तर बाकीची पलटण डबे पुसून परतीच्या रांगेत उभी. सरांची शिट्टी चालू. ती रडली नाही. मला म्हणाली, "बाई, मी पाणी लांबून बघितलं, चालेल." चालेल काय डोंबल! मी तिथेच सरांशी भांडले, आणि पुढच्या वर्षापासून वेळ मी लावायला लागले. घरी ह्यांनी माझं नाव सहलमंत्री ठेवलं ते तेव्हापासून.

माझी लेक रॉटरडॅमला असते. ती आणि जावई, दोघं तिकडच्याच नोकरीत. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी काही नाही म्हणून आम्ही विचारणं सोडून दिलेलं, आणि मग एके दिवशी फोनवर ती नुसतीच हसायला लागली. मी म्हटलं, "अगं, हसतेस काय, बोल!" ती म्हणाली, "आई, तुला यावं लागणार." मला कळलं. मी गॅसवरचं दूध तसंच उतू जाऊ दिलं, आणि हे धावत आले तरी मी ते पुसायला तयार नव्हते.

बाळंतपणाला आम्ही दोघांनी जायचं ठरलं. व्हिसा झाला. डिंक, हळीव, खारीक, बाळंतशेपा, सगळं मी इकडून नेणार होते, कारण तिकडे म्हणे बाळंतिणीला पावाला लोणी लावून देतात. मुलगी आहे हेही तिकडच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं. आपल्याकडे विचारणं गुन्हा, तिकडे ते आपणहून सांगतात. ह्यांनी तर लगेच विहारात पेढे वाटले.

इथे एक सांगायला हवं. आमच्या घरात देव नाहीत. बुद्धाची मूर्ती आहे, तिच्यापुढे मेणबत्ती लागते, रविवारी पांढरे कपडे घालून आम्ही वंदनेला जातो. मुहूर्त, दृष्ट, अपशकुन यातलं काही आम्ही मानत नाही. ह्यांचा आवेश तर असा की रस्त्यात लिंबू-मिरची पडलेली दिसली तर हे मुद्दाम वाट वाकडी करून तिच्यावर पाय देतील. सवा महिना तेवढा मी मानते, पण तो शकुनासाठी नाही, बाईच्या कंबरेसाठी. म्हणून मी लेकीला बजावलं की सवा महिना घराबाहेर पाऊल नाही. ती म्हणाली, "बरं. पण सवा महिन्यानंतर बाळाला पहिल्यांदा बाहेर नेऊ ना, ते डेल्फ्टला. एका दिवसाची सहल. तू काढ, शाळेची काढायचीस तशी."

डेल्फ्ट हे त्यांच्यापासून आगगाडीनं अगदी जवळचं, छोटंसं, जुनं गाव. रस्त्याच्या मधून कालवे, विटांची घरं, दोन मोठी चर्चं, त्यातल्या एकाचा मनोरा कललेला. तिथली निळी-पांढरी चिनी मातीची भांडी जगभर जातात. लेक तिकडे नवीन गेलेली तेव्हा तिला कुणी ओळखीचं नव्हतं. एका रविवारी एकटीच डेल्फ्टला जाऊन झाडाखालच्या बाकावर बसलेली आणि तिथून मला फोन केलेला, की आई, इथे मला बरं वाटतंय. माझ्या ते लक्षात होतं. तिच्याही होतं.

मग काय, मी पदर खोचला. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. फोनवर रस्त्यांचे फोटो दिसतात, बोटानं सरकवलं की आपण पुढे चालल्यासारखं होतं. ओट्यापाशी कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत उभी राहून मी ते अख्खं गाव पालथं घातलं. आणि पहिल्याच दिवशी माझं डोकं फिरलं.

"कालव्याला कठडाच नाही!" मी लेकीला फोन लावला. "तुमच्याकडे नगरपालिका आहे की नाही?"

"आई, इथे लोक पडत नाहीत."

"मोठे पडत नसतील. बाबागाडीचा ब्रेक लागला नाही तर?"

"अगं, ब्रेक लागतो."

"ते मला सांगू नकोस. बाबागाडी कायम भिंतीच्या बाजूनं. पाण्याच्या बाजूनं पप्पा."

मागून हे ओरडले, "म्हणजे मी पडलो तर चालेल!" लेक इतकी हसली की तिला पोट धरून खाली बसावं लागलं. जावईबापू तिच्या हातातून फोन घेऊन म्हणाले, आई, तिला हसवू नका, बाळ लाथा मारतं.

असा एकेक थांबा ठरत गेला. स्टेशन जमिनीखाली, पण लिफ्ट आहे. चांगलं. गुरुवारी चौकात बाजार भरतो, गर्दी, म्हणून गुरुवार सोडून जायचं. नव्या चर्चच्या मनोऱ्यावर चढून सगळं गाव बघता येतं, पण जिना अरुंद आणि गोल गोल, बाबागाडी चढायची नाही, म्हणून मनोरा खालूनच बघायचा. जुना गुरांचा बाजार आहे एक, आता तिथे गुरं नाहीत, मोठी झाडं आणि बाक आहेत, सावली आहे. तिथे दूध पाजायला थांबायचं. तोच तो लेकीचा बाक. ह्यांना हे फार आवडलं, विहारात जो भेटेल त्याला सांगायचे की माझी नात गुरांच्या बाजारात दूध पिणार आहे. मग एका दुकानात जाऊन निळ्या रंगात नाव घातलेली छोटी फरशी करून घ्यायची. नाव काय, ते लेकीनं ठरवलेलं, पण आम्हाला सांगत नव्हती. फरशीवरच वाचा, म्हणायची.

ह्यांचं आपलं मधूनच चालायचं, "बाजारात तुरी!" पण जीव त्यांचाही त्यातच गुंतलेला. मीच जरा थांबायला हवं होतं की काय, असं नंतर पुष्कळ वाटलं. तेव्हा नाही वाटलं. इकडे आम्ही पाळणा आणलेला नव्हता, कपडे आणलेले नव्हते. नुसता प्लॅन तर होता.

आता खरी अडचण वेळेची. सहलीआधी जागेची पाहणी केल्याशिवाय मी कधीही पोरं नेलेली नाहीत. डेल्फ्टची पाहणी कशी करणार? पण बाबागाडीची चाल तर काढता येईल, म्हटलं. दुसऱ्या मजल्यावर एक लहान बाळाची आई राहते, तिच्याकडून बाबागाडी मागून घेतली. आत बाळाच्या वजनाची म्हणून गव्हाच्या पिठाची पिशवी ठेवली. ती डुगडुगायला लागली म्हणून दुपट्यात गुंडाळली. आणि भल्या सकाळी आम्ही दोघं काळ्या तलावावर.

तळ्याभोवती फिरायला येणारी सगळी मंडळी ओळखीची. एकानं वाकून बघितलं आणि म्हणाला, "बाई, नातू कुणावर गेलाय?" मी म्हटलं, "गव्हावर." माझे माजी विद्यार्थी दोघं पळत चाललेले, ते थांबून खो खो हसले. मी मात्र गंभीर. मध्येच थांबून दूध पाजायचा वेळ, मध्येच दुपटं सारखं करायचा वेळ, मध्येच रडली तर उचलून फिरवायचा वेळ. मी पिशवी उचलून खांद्याशी धरून एक फेरीही मारली. हे समोर उलटं चालत व्हिडिओ काढत होते आणि बडबडत होते, "प्रवासी बंधू-भगिनींनो, आपण डेल्फ्ट शहरात पोचलेले आहोत. डाव्या हाताला कालवा. आजी भिंतीच्या बाजूला."

परत येताना फाटकात आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. रत्नागिरीकडच्या, माझ्याहून बऱ्याच मोठ्या. त्यांनी गाडीत बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. "बाई, रिकामी गाडी ढकलू नये हो. रिकामा पाळणा हलवत नाहीत, तसंच ते."

"रिकामी कुठे काकू, पीठ आहे की!"

"पीठ म्हणजे पोर नव्हे," त्या म्हणाल्या. "हात दाखवून अवलक्षण कशाला?"

ह्यांनी तिथेच त्यांना कार्यकारणभाव समजावायला घेतला. कारणाशिवाय काही घडत नाही, गाडी ढकलणं हे कशाचंही कारण होऊ शकत नाही, वगैरे. काकूंनी ऐकून घेतलं आणि आत गेल्या. मी त्या पिठाच्या पोळ्या केल्या. व्हिडिओ लेकीला पाठवला, तिनं हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग पाठवली.

आठवा महिना भरत आलेला. जावयाचा फोन आला, दुपारी, ते कधीही दुपारी करत नाहीत. ते म्हणाले, "आई, ठोके लागत नाहीयेत." मी म्हटलं, मशीन बदलून बघायला सांगा. ते म्हणाले, बघितलं. मी म्हटलं, दुसरा डॉक्टर बोलवा. ते नुसते रडायला लागले, आणि मी त्या बिचाऱ्यावर खेकसले, की रडता काय, डॉक्टर बोलवा!

पोरगी तशीच जन्माला आली. लेकीला सगळ्या कळा द्याव्या लागल्या. मी तिथे नव्हते. माझ्या लेकीनं कळा दिल्या आणि मी कल्याणला फोन हातात धरून बसले होते, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. बॅग भरलेली होती. मी म्हटलं, आज निघतो, उद्या निघतो, मिळेल त्या विमानानं. लेक फोनवर आली. आवाज ओळखू येत नव्हता. म्हणाली, "आई, आत्ता येऊ नकोस. तुला बघितलं तर मी उभी राहू शकणार नाही." आणि फोन ठेवला.

आईला कुणी असं सांगतं? राग आला मला. मग रागाचीच लाज वाटली, मग पुन्हा राग आला.

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. कारण सापडलं नाही. होतं कधी कधी असं, म्हणाले. हे मला समजवायला लागले, "कारण सापडलं नाही म्हणजे कारण नाही असं नसतं." मी म्हटलं, "मग द्या ना शोधून! इतकी वर्षं विहारात कारण-कारण करताय, आता एक द्या मला." मेणबत्ती लावून तिथेच भिंतीला टेकून बसले.

मला मात्र कारण सापडलेलं होतं. ते दुसऱ्या मजल्यावर जिन्यात उभं असायचं, घडी घालून, भिंतीला टेकवून. भाजी आणायला जाता-येता मला त्या बाबागाडीवरूनच जावं लागायचं. आपण हे मानत नाही, मी स्वतःला सांगायचे. पायऱ्या उतरताना सांगायचे, चढताना सांगायचे. आणि तरी तिथे आले की माझा हात आपोआप पोटाशी जायचा, पदर ओढून घ्यायचा. ह्यांना बोलले नाही. बोलले असते तर ते हसले नसते, रडले असते, आणि ते मला झेपलं नसतं.

काकू वर आलेल्या. तांदळाची भाकरी आणि कुळथाची पिठी घेऊन. मी वाट बघत होते त्या आता म्हणतील, तरी मी सांगत होते बाई. म्हणू दे, मी मनात म्हटलं, म्हणू दे एकदा, असं भांडेन की अख्खी बिल्डिंग गोळा होईल. पण त्यांनी मला दोन घास खायला लावले आणि पाठीवरून हात फिरवत बसून राहिल्या. त्या बोलल्या नाहीत म्हणूनच ते माझ्या मनात पक्कं झालं. इतकं खरं असल्याशिवाय माणूस गप्प बसत नाही, असं मला वाटलं.

लेक घराबाहेर पडायची नाही. सवा महिना होऊन गेला, पण आता तिला कुणी अडवलेलं नव्हतं तरी ती पडायची नाही. जावई कामावर जायचे, ती पलंगावर. फोन उचलायची, पण कॅमेऱ्यात तिच्याऐवजी छत दिसायचं. मी त्या पांढऱ्या छताशी बोलायचे, की जेवलीस का, ऊन आहे का, दारापर्यंत तरी जाऊन ये बाळा. छत म्हणायचं, हो. जावई हळूच सांगायचे, "आई, ती दारापर्यंतही जात नाही. मला भीती वाटते." मलाही वाटायची. लेक हातातून जाते की काय असं वाटायचं, आणि मला तर तिथे जायची बंदी.

आणि मग एके सकाळी तिचा मेसेज. "आई, या तुम्ही दोघं. डेल्फ्टला जायचं का?"

मी हंबरडाच फोडला. हे दाढी अर्धी सोडून बाहेर आले. मी म्हटलं, ती बाहेर पडतेय, अहो, ती बाहेर पडायचं म्हणतेय. आता ही सहल चुकून चालणार नव्हती. काही म्हणजे काही चुकलं आणि ती पुन्हा आत जाऊन बसली, तर मग मी कोणाच्या तोंडाकडे बघायचं?

मी नवीन प्लॅन करायला बसले. पहिल्यातलं एकेक काढत गेले. लिफ्ट नको, जिन्यानं वर येऊ. गुरांच्या बाजारातला थांबा नको, तो बाक तर मुळीच नको, पलीकडच्या गल्लीनं जायचं. भांड्यांच्या दुकानाकडे फिरकायचंच नाही. भिंतीची बाजू, पाण्याची बाजू, आता कोणीही कुठूनही चालू दे. आणि मग माझ्या लक्षात आलं, आता मनोऱ्यावर चढता येईल. सगळे चढू शकतो. आता कशाचीच अडचण नाही. सहल इतकी सोपी झालेली, इतकी सुटसुटीत, की मला बसवेना. मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारून आले आणि मनोरा लिहिला. मग होडीतून फेरी लिहिली. गुरुवारचा बाजारही घातला, गर्दीत बरं वाटेल तिला. सगळं टाइप करून पाठवून दिलं.

लगेच फोन आला. या वेळी छत नव्हतं. लेक होती. केस विंचरलेले नव्हते, गाल बसलेले, पण माझी लेक होती, आणि चिडलेली होती.

"हे काय पाठवलंयस?"

"डेल्फ्टचं, बाळा. तू म्हणालीस ना."

"मी नवीन कुठे मागितला? प्लॅन आहे ना आपला." तिचा आवाज चढला. "मनोरा काय घातलास आई? बाक कुठे गेला? सगळं काढून टाकलंस तू. सगळ्यांनी काढलं, कपाटातले तिचे कपडे काढले, दवाखान्यानं फाईल बंद केली, तू पण काढलंस?"

"अगं, तुला त्रास नको म्हणून..."

"मला तोच करायचाय. सगळे थांबे. दुधाचा पण. फरशीवर नाव पण घालायचं. नाव आहे तिचं, आम्ही दिलंय, इथे नोंदवलंय." तिनं नाव सांगितलं. पहिल्यांदा. ते मी इथे लिहीत नाही, ते फरशीवर आहे.

मग ती म्हणाली, "तळ्यावर तुला एका फेरीला किती वेळ लागलेला, तोच वेळ धर."

त्या तळ्याचं नाव तिच्या तोंडून मला ऐकायचं नव्हतं. आणि मग मला राहवलंच नाही. मी म्हटलं, "ते मी करायला नको होतं. रिकामी गाडी... काकू म्हणालेल्या मला. मी ऐकलं नाही. आपण मानत नाही म्हणून मी..."

"काय बोलतेयस तू?"

"मी रिकामी गाडी ढकलली बाळा."

मागे हे येऊन उभे राहिलेले, मला कळलंही नव्हतं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आई," लेक म्हणाली, "तो व्हिडिओ मी रोज बघते. सकाळी उठले की आधी तो बघते. तू तिला दुपट्यात गुंडाळलंयस. ऊन लागतं म्हणून हुड पुढे घेतलास. मग उचलून खांद्याशी धरलंस आणि पाठीवर थोपटलंस. पप्पा तिला कालवा दाखवतायत."

"त्यात पीठ होतं गं."

"माहितीये मला पीठ होतं." आता ती रडत होती, पहिल्यांदाच माझ्यासमोर. "पण तेवढंच तर फिरलीये ती. तेवढंच कोणीतरी तिला बाहेर नेलंय."

कुकर वाजून वाजून थांबला. मग हेच पुढे झाले आणि फोनमध्ये तोंड घालून म्हणाले, "पाण्याच्या बाजूनं मी. ठरलंय ते."

"हो पप्पा," लेक म्हणाली.

मी ह्यांना तिकिटं काढायला सांगितली. डिंकाचे लाडू घेतले, तिनं कळा दिल्यात, तिला ते लागणारच. निघायच्या दिवशी सकाळी दुसऱ्या मजल्यावरची ती बाळाची आई जिन्यात बाबागाडी उघडत होती. मी तिच्या हातातून गाडी घेतली आणि खाली रस्त्यापर्यंत उतरवून दिली. रिकामीच होती.